नव्वद ते ऐंशी

"सत्त्याण्णव," धनाजी चौगुले म्हणाला. "बघ की. ठणठणीत हाय गडी. उगं जीव टांगून बसतीस."

सारिकानं सुई बाहीत तशीच टोचली, उठली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून श्वासयंत्राच्या पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर हिरवळीचा एक तुकडा होता, हिरवळीवर दव होतं आणि दवाच्या वर एक आकडा होता. रक्तात प्राणवायू किती, त्याचा आकडा.

"त्र्याण्णव," ती म्हणाली.

"चष्मा पूस."

तिनं चष्मा पुसला. मग त्याचाही पुसला. लग्नाच्या फोटोत उभी होती त्याहून जवळ, गालाला गाल लावून दोघं पडद्यासमोर वाकली. त्याला सत्त्याण्णव दिसत होते. तिला त्र्याण्णव.

"तुझ्यात काय हाय मागं?" धनाजीनं विचारलं.

"हिरवळ. दव पडलेली."

नाकातल्या नळीतून वारा सुसू करत राहिला.

"माझ्यात हिरवळ न्हाई," तो म्हणाला. "माझ्यात नदी हाय."

त्या सकाळपासून सारिकाला स्वतःच्या घराची भीती वाटायला लागली. चोराची भीती कडी लावली की कमी होते. ही भीती कडीच्या आतली होती. खाटेशेजारी वासराएवढं पांढरं यंत्र उभं होतं, दोन वर्षं धनाजीला श्वास पुरवत होतं, आणि ते दोघांशी दोन तोंडांनी बोलत होतं.

धनाजीनं सव्वीस वर्षं फाउंड्रीत साचे फोडले होते. साच्यांची बारीक वाळू श्वासागणिक आत गेली आणि आतल्या आत बसली. फुप्फुसं दगड होत चालली होती, घाई न करता, दर वर्षी बोटभर. पेठ वडगावच्या त्या गल्लीत असे आणखी तिघं होते, आता हा एकटा उरला होता.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी यंत्राची जाळी बदलायला मुल्लाणी यायचे. पन्नाशीचा माणूस, बोलायला मऊ. सारिकानं त्यांना चहा दिला आणि कप हातात असतानाच विचारलं, "दोघांतलं खोटं कुठलं?"

"खोटं कुठलंच न्हाई, वहिनी. दादांना दिसतोय तो आजचा सगळ्यात चांगला आकडा. तुम्हाला दिसतीय ती दिवसाची सरासरी. दोन्ही खरे. निवडलेले हायेत, एवढंच."

"आणि आत्ताचा? ह्या घटकेचा?"

मुल्लाणींनी कपात पाहिलं. "त्यो कुणी मागत न्हाई."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पडद्याच्या कडेला मोहरीएवढा डोळा असतो. समोरच्या माणसाची बाहुली किती मोठी झाली ते तो बघतो. हृदयाचा ठोका पडला की गालात रक्ताची लाली येते आणि ओसरते. आपल्याला ती दिसत नाही, त्याला दिसते. त्यावरून त्याला नाडी कळते, भीती कळते. काचही साधी नाही, तिच्या पोटात बारीक धारा असतात. एकाच वेळी दोन माणसांच्या डोळ्यांत ती दोन वेगळी चित्रं सोडते. आणि हजारो घरांतून शिकलेली बुद्धी सेकंदाला तीन वेळा नवं चित्र रचते: कुठला रंग, कुठला शब्द, कुठला आकडा दाखवला म्हणजे ह्या माणसाची नाडी खाली येईल.

"वाईट मनानं केलेलं न्हाई हे," मुल्लाणी म्हणाले. "पूर्वी दवाखान्यात यंत्रं दिवसभर बोंबलायची. नर्सबाईंचे कान बधिर व्हायचे, खरी बोंब कळायची न्हाई. घरची माणसं तर आकडा एकानं हलला तरी दवाखान्याची गाडी बोलवायची. गाड्या फुकट पळायच्या आणि मरणारं तिसरीकडंच मरायचं. तवा ठरवलं, माणूस शांत ठेवायचा."

"आणि खरंच कमी झाला आकडा तर?"

"ऐंशीच्या खाली सलग राहिला तर यंत्र स्वतःच गाडी बोलवतं. तुम्ही काही करायचं न्हाई. नव्वदच्या वर असला तर काळजीच न्हाई."

"आणि नव्वद ते ऐंशी?"

"ते घरच्यांनी बघून ठरवायचं, असं नियमात हाय."

"घरच्यांना दिसतंय कुठं?"

मुल्लाणी उठले. चहा अर्धा राहिला. जाता जाता मात्र त्यांनी यंत्राच्या पोटाखाली बोट दाखवलं. "हितं दुरुस्तीचं जुनं सॉकेट हाय. त्यातनं सेकंदाला एक ओळ बाहेर पडती, उघडी, कुणाचं तोंड न बघता. पण ती दाखवायला संगणकावर तसली खिडकी पायजे. आता तसल्या कुणी करत न्हाई. पूर्वी माणसं करायची. हातानं. पुस्तकं वाचून."

आता कुणाला काही लिहावं लागत नव्हतं. फोनला सांगितलं की हवा तसा पडदा उगवायचा. सारिकानं त्यालाही सांगून पाहिलं होतं, मला खरा आकडा दाखव. फोननं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि फुलांच्या चौकटीत पंच्याण्णव दाखवले.

*

गावच्या वाचनालयात नलवडेबाई दोन कपाटं रद्दीला काढत होत्या. संगणकाची म्हणून जी पुस्तकं होती ती पंधरा वर्षांत कुणी उघडली नव्हती.

"ही?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सारिका, ही म्हणजे दगडी पाट्याच्या काळातली पुस्तकं गं. काय वाटणार आहेस त्यावर?"

"बघते की."

"इंग्रजी जमेल?"

"बारावीला होतं. परवा एक मराठीबी दिसलं होतं तुमच्यात, पातळ."

कव्हर फाटलेलं जाड इंग्रजी, वाळवीनं कोपरा खाल्लेलं पातळ मराठी, आणि बंद पडलेल्या संगणक खोलीतला एक लॅपटॉप, ज्याला ना डोळा होता ना बुद्धी. नलवडेबाईंनी तो पोत्यात घालून दिला. सही घेतली नाही. "परत आणू नकोस म्हणजे झालं," म्हणाल्या.

दुपारी धनाजीचा डोळा लागला की सारिका शिलाई मशीनवर फळी टाकून अभ्यासाला बसायची. बोट ओळीवर, ओठ हलत. पहिल्या आठवड्यात काहीच उमजलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सात ओळी टाइप केल्या, त्यात चार चुका निघाल्या, चार सुधारल्यावर पाच झाल्या. मग एका मंगळवारी, भात शिजत असताना, काळ्या काचेवर एक करडा चौकोन उमटला. रिकामा. वरच्या पट्टीवर तिनं घातलेलं नाव: घर.

ती त्याच्याकडं बघत राहिली. ह्या चौकोनाला तिचं तोंड दिसत नव्हतं. ती हसली काय, रडली काय, तो करडाच राहणार होता. दोन वर्षांत तिला इतकं प्रामाणिक काही भेटलं नव्हतं. भात खाली लागला.

पुढचं मात्र भरभर आलं, कारण ते शिवणकामासारखंच होतं. आधी चौकट बेतायची, मग तिच्यात तुकडे बसवायचे, कुठला कुठं ते मापानं सांगायचं. बटण लावणं सोपं. पण नुसतं लावलेलं बटण दाबलं तर ढिम्म काही होत नाही. त्याला काज पाडावं लागतं, म्हणजे हे दाबल्यावर कुठलं काम करायचं ते वेगळं लिहून त्याला जोडावं लागतं. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी एक न संपणारा फेरा असतो. पातळ पुस्तकात त्याचं वर्णन कोरडं होतं. सारिकानं ते आपल्या मनात मांडून घेतलं: खिडकी म्हणजे उंबऱ्यावर बसलेली बाई. कुणी हाक मारली का, कुणी कडी वाजवली का, आकडा बदलला का, एवढंच ती ऐकत बसते. कुणी आलं की उठते, त्याचं काम करते, आणि परत उंबऱ्यावर येऊन बसते.

"काय करालीस एवढं?" धनाजी खाटेवरून विचारायचा.

"खिडकी."

"घराला हायेत की चार."

"ही तुमच्यात उघडती."

त्यावर तो पडद्याकडं तोंड फिरवायचा. त्याला ते आवडत नव्हतं हे तिला कळत होतं. त्याची नदी त्याला पुरत होती.

सातव्या आठवड्यात तिनं यंत्राच्या पोटाला वायर जोडली. ओळ आली. स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे: पहिला प्राणवायूचा, दुसरा नाडीचा, पुढं दाब आणि बाकीचं. तिनं पहिला मागितला. करड्या चौकोनात मोठ्या अक्षरात उमटलं, चौऱ्याहत्तर.

चौऱ्याहत्तर म्हणजे माणूस जायला निघालेला. तिनं पडद्यावरचं गाडीचं लाल बटण दाबलं. तेव्हा ते तिला दिसत होतं, खालच्या कोपऱ्यात, ठसठशीत. अकरा मिनिटांत गाडी आली. आतून दोघं धावत उतरले तेव्हा धनाजी पोहे खात होता. त्यांनी त्याचं बोट चिमट्यात धरून मोजलं: चौऱ्याण्णव. नाडी चौऱ्याहत्तर.

"ताई, यंत्र आहे ना लक्ष ठेवायला," त्यातला एक जण म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

चूक तिला त्या संध्याकाळी सापडली. संगणक मोजणी शून्यापासून करतो. त्याचा पहिला म्हणजे शून्यावा. तिनं एक म्हणून सांगितलं आणि त्यानं इमानानं दुसरा आकडा दिला, नाडीचा. जन्मभर एकपासून टेप धरलेल्या बाईचीच ती चूक होती. तिनं एक खोडून शून्य लिहिलं. चौकोनात आलं: त्र्याण्णव. मग ब्याण्णव. मग त्र्याण्णव.

पण यंत्रानं तिची चूक आपल्या पद्धतीनं मनात ठेवली. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात लाल बटण नव्हतं. तिथं एक पान होतं, पिंपळाचं, हळू हलणारं. खाली लिहिलं होतं: सारिकाताई, आधी जरा बसा.

*

तिच्या खिडकीतला आकडा कधी स्थिर नसायचा. ब्याण्णव, एक्याण्णव, ब्याण्णव, नव्वद. धनाजी कुशीवर वळला की थोडा उतरायचा, खोकला की खाली जायचा, मग चढायचा. काम करता करता ती तिकडं बघायची आणि तिला वाटायचं, आपण त्याच्या छातीत कान घालून बसलोय. भीती गेली नव्हती. उलट वाढली होती, कारण आता तिला रोजची रोज दिसत होतं की आकडे महिन्याभरात दोनानं उतरलेत. पण ही भीती तिची स्वतःची होती.

लेक ईश्वरी पुण्याहून फोनवर बोलायची. "आई, माझ्याकडं सगळं छान दाखवतंय. बाबा सुधारतायत."

"तुला नदी दिसती का हिरवळ?"

"काय गं?... समुद्र. का?"

"काही न्हाई."

मग सारिकाला वाटलं, लेकीला दाखवायला, डॉक्टरांना दाखवायला एक रेघ पाहिजे. तासाभराचे आकडे जमवून त्याची चढउताराची रेघ काढायची. तिनं आणखी एक बटण बसवलं, त्यावर लिहिलं: नोंद. त्याचं काज सोपं होतं. दाबलं की ओळी जमव, एकेका सेकंदाची एक, पुरेशा झाल्या की रेघ काढ. आधी दहा ओळींवर करून पाहिलं. दहा सेकंदांत इवलीशी रेघ उमटली. सुरेख आली. मग तिनं दहाच्या जागी छत्तीसशे लिहिलं.

जाड पुस्तकात नवव्या धड्यानंतर एक धडा होता, त्यात पडद्यावर उड्या मारणाऱ्या चेंडूची चित्रं होती. पोरांचा खेळ दिसतोय, म्हणून तिनं तो सोडून पुढचा घेतला होता.

शुक्रवारची दुपार. गल्ली सामसूम होती, बाजाराचा दिवस, बायका तिकडं गेल्या होत्या आणि पुरुष पाळीवर. धनाजी जेवून आडवा झाला. आकडा एक्याण्णव. सारिकानं नोंद दाबलं, आणि संध्याकाळी न्यायचे होते ते दोन ब्लाउज घेऊन घराच्या खिडकीत बसली. हेमिंग करता करता अधूनमधून मान वर करायची. एक्याण्णव. बरं. एक बाही झाली. एक्याण्णव. दुसऱ्या बाहीचा दोरा ओवला. एक्याण्णव. आज बरे आहेत म्हणायचे, तिच्या मनात आलं, आणि तिला हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिनं गळ्याच्या पट्टीचा टाका कौतुकानं, जरा नक्षीनं घातला.

चार हुक लावून झाले. पाचवा उचलताना हात थांबला.

एक्याण्णव.

जिवंत माणसाचा आकडा एवढा वेळ उभा राहत नाही.

तिनं लॅपटॉपकडं नीट पाहिलं. नोंदचं बटण दाबलेलंच होतं, आत बसलेलं. तिनं खिडकीच्या कडेवर बाण नेला, ती हलेना. उंबऱ्यावरची बाई उठून परसात गेली होती, तासभराचे आकडे वेचायला, आणि दारात कुणी नव्हतं. जाताना जो आकडा दारावर होता तोच तसा लटकत होता. चाळीस मिनिटं.

ती खाटेजवळ गेली. धनाजीचे ओठ जांभळे होते. नखं जांभळी. डोळे अर्धे उघडे, पण ते तिच्यावर ठरत नव्हते. छाती भरभर उडत होती आणि आत काही जात नव्हतं.

"अहो. अहो, बघा माझ्याकडं."

त्यानं काहीतरी म्हटलं. शब्द झाला नाही.

तिनं त्याला काखेत धरून उठवलं, पाठीमागं उशा रचल्या, बसतं केलं, शिकवलं होतं तसं. मग फोन घेतला. फोन लगेच बोलला, मऊ बाईच्या आवाजात: "श्री. चौगुले यांच्या यंत्राशी बोलून घेतलं आहे. ते ठरलेल्या मर्यादेत आहेत. तुम्ही घाबरला आहात. थोडं पाणी प्या." तिनं परत लावला. परत तेच. दारात जाऊन तिनं हाक मारली. "कोण हाय का?" गल्लीच्या टोकाला एक कुत्रं उठून बसलं, एवढंच.

यंत्राच्या पडद्यावर हिरवळ होती, पूर्वीपेक्षा गडद. पिंपळाचं पान हलत होतं. आजची सरासरी, एक्याण्णव. धनाजीराव विसावा घेत आहेत. सारिकाताई, आधी जरा बसा. तिनं काचेवर थाप मारली. पान आणखी हळू हलायला लागलं. अक्षरं आणखी मोठी, आणखी मायाळू झाली. ती जितकी भ्यायली तितका पडदा मऊ होत गेला, आणि लाल बटण तितकं खोल बुडालं.

तेव्हा तिला उमगलं की ह्या यंत्रापुढं खरं बोलून भागणार नाही. भ्यालेल्या माणसाला ते काही देत नाही. ते शब्द ऐकत नव्हतं, गालातलं रक्त ऐकत होतं. बटण हवं असेल तर ही भीती अंगातून काढावी लागेल. वरवरची नाही, रक्तातली. मागं नवऱ्याची छाती फुटत असताना तिला शांत व्हावं लागणार होतं.

तिनं धनाजीचा हात आपल्या डाव्या मुठीत घेतला आणि पडद्यासमोर मांडी घातली. हिरवळीकडं पाहिलं. श्वास घेतला, सोडला. काळीज घणासारखं पडत होतं. पान हलत राहिलं. तिला तिची आत्या आठवली, अंगणात शेंगा तोडताना गायची. आत्याचा गळा बेसूर होता, पण तिच्या हाताला ताल होता, शेंगेमागून शेंग, आणि तिच्याजवळ बसलं की रडणारं पोर गप व्हायचं. सारिकानं ओठ उघडले. पहिल्यांदा नुसता वारा आला. मग आवाज.

सुटला गं बाई वारा, दिवा पदरी झाकिते,
सख्याच्या वाटेवरी उभी उजेड राखिते.

मुठीतला हात गार होत होता. तिनं तो मनातून काढला. हिरवळीत जाऊन बसली. दव पायाला लागलं. सगळं ठीक आहे, तिनं स्वतःला सांगितलं, आणि नुसतं सांगून भागणार नव्हतं, तिला ते खरं मानावं लागलं. पडद्याला फसवायचं तर आधी आपण फसायला हवं. धनाजी विसावा घेतोय. संध्याकाळी उठेल. चहा मागेल. आल्याचा. सुटला गं बाई वारा. तिचा खांदा खाली आला. आवळलेले दात सुटले. आणि त्या एका क्षणात, पुढं आयुष्यभर तिला ज्याची शरम वाटणार होती त्या क्षणात, तिला खरोखर बरं वाटलं.

पान विरलं. कोपऱ्यात लाल ठिपका उमटला, मोठा झाला.

तिनं तो दाबला आणि मगच ओरडली.

*

गाडीतल्या माणसानं चिमटा लावला तेव्हा ब्याऐंशी होते. अजून ऐंशीच्या वर. यंत्रानं आपणहून बोलवलं नसतं.

दवाखान्यात एकोणीस दिवस गेले. फुप्फुसात पू झाला होता, तो काढला. ईश्वरी आली. पहिले दोन दिवस आईच्या गळ्यात पडून रडली, तिसऱ्या दिवशी तिला सगळा प्रकार समजला आणि तिचा आवाज बदलला.

"म्हणजे तू बघत होतीस. समोर बसून."

"बघत होते."

"चाळीस मिनिटं."

"व्हय."

"आई, मशीन निदान तुला शांत ठेवत होतं. तुझ्या त्या खिडकीनं तर तुला झोपवलं."

दवाखान्याच्या बाकावर बसून सारिकानं तो सोडलेला धडा वाचला, उड्या मारणाऱ्या चेंडूचा. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं: बटणाच्या कामात कधीही वाट बघत थांबू नका, खिडकी गोठते. लांबचं काम असेल तर घड्याळाला सांगा, ते दर सेकंदाला येऊन कडी वाजवेल, आणि उंबरा सुटणार नाही. एवढंच. अकरा ओळींचं उदाहरण. तिनं ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना पान ओलं झालं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मुल्लाणी आले. जाळी बदलायचा दिवस नव्हता. त्यांच्या हातात कागद होता.

"वरून आलंय, वहिनी. सॉकेट सील करायचं. न्हाईतर हा फॉर्म. पडदा कायमचा बंद होतो, गाडीचं बटण तेवढं एका जागी राहतं, कुणाचंबी तोंड न बघता. सॉकेट तुमचं. पण मग यंत्र आपणहून कुणाला बोलवत न्हाई. काही चुकलं तर घरच्यांवर. आणि सही पेशंटची लागती."

ईश्वरी म्हणाली, "बाबा, नका हं."

धनाजी खाटेवर बसला होता, पाठीला तीन उशा. तो अर्धा झाला होता. त्यानं पडद्याकडं पाहिलं. त्याची नदी तिथं असणार, सारिकानं ओळखलं, उन्हातली, दोन्ही काठ भरून.

"त्या दिवशी," तो थांबत थांबत म्हणाला, "गुदमरत होतो. आणि समोर ही नदी. सत्त्याण्णव. लई बरं चाललंय म्हणत होती मला. मी म्हटलं, मग मला असं का होतंय? माझंच काय तरी चुकत असंल. म्हणून हाक न्हाई मारली." तो दम खात राहिला. "एकटा पडलो होतो, पोरी. ह्या नदीपाशी बसून एकटा."

"आईची खिडकी पण चुकली ना, बाबा."

"चुकली. पण तुझ्या आईला चूक कळली. ह्या नदीला कळती का?" त्यानं हात पुढं केला. "आण इकडं पेन."

सही वाकडी आली. मुल्लाणींनी यंत्राच्या पाठीमागं काहीतरी दाबलं आणि काच काळी झाली. त्या काळ्या काचेत तिघांनाही सारखंच दिसलं: एक खोली, एक खाट, तीन घाबरलेली तोंडं. खाली लाल बटण.

"माझ्याकडं तोंड करून नको ठेवू त्यो लॅपटॉप," धनाजी सारिकाला म्हणाला. "सारखं बघवणार न्हाई. तू बघ. मी विचारीन तवा सांग. पण हाय तेच सांग."

ईश्वरी रविवारी पुण्याला गेली. जाताना आईशी थोडंच बोलली, पण पिशवीत पातळ पुस्तक घालून घेऊन गेली.

बुधवारी सकाळी आठला सारिका चहा गाळत होती. लॅपटॉप ओट्यावर होता. अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. चेंडूच्या धड्यातलं घड्याळ दर सेकंदाला कडी वाजवत होतं, बाई उंबऱ्यावर होती, आणि आकडा उतरत होता. शहाऐंशी. तिनं गॅस बंद केला. पंच्याऐंशी. ती लॅपटॉप तसाच हातात धरून खाटेजवळ आली.

"किती?" धनाजीनं विचारलं.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिला त्याचे डोळे दिसले, मोठे झालेले. कानशिलाजवळची शीर उडताना दिसली. यंत्राला जे जे दिसायचं ते सगळं तिला दिसत होतं, आणि यंत्राला नव्हती अशी तीस वर्षांची माया तिच्यापाशी होती. तिच्या जिभेवर शब्द तयार होऊन आला, उबदार, गोल: एक्याण्णव. पहाटेचा एक्याण्णव होताच की. खोटं नव्हतं ते. निवडलेलं होतं. त्याच्या भुवया खाली आल्या असत्या, तो टेकून बसला असता, तिलाही बरं वाटलं असतं. पडदा कुणाच्या मनात कसा आला असेल ते तिला त्या क्षणी कळलं, आणि यंत्राची कधी वाटली नव्हती एवढी भीती तिला स्वतःची वाटली.

"पंच्याऐंशी," ती म्हणाली. "उतरतंय."

त्यानं डोळे मिटले. उघडले.

"घाबरलीस?"

"व्हय."

"मी बी." त्यानं तिच्याकडं हात केला. "मग दाब बटण. आणि मला बसव नीट, ये."

तिनं बटण दाबलं, आणि त्याच्या पाठीमागं हात घातला.